विद्युत परिपथ: डीपीपासून बोअरच्या तळापर्यंत

विद्युत परिपथ म्हणजे विद्युत प्रभाराला निघाल्या ठिकाणी परत येण्यासाठी मिळालेली अखंड वाट. ‘लाईट आली’, ‘लाईट गेली’ असे रोज बोलले जाते. त्यातून वीज डीपीवरून, म्हणजे बांधावरच्या रोहित्रावरून (ट्रान्सफॉर्मरवरून), निघते, मोटरपर्यंत येते आणि तिथे संपते, असे चित्र मनात तयार होते. प्रत्यक्षात तारांमधून जेवढा प्रभार मोटरकडे जातो तेवढाच परत फिरतो. मोटरमध्ये खर्ची पडते ती ऊर्जा. वाट कुठेही तुटली, मग ती खांबावर असो, स्टार्टरच्या पेटीत असो की जमिनीखालच्या केबलमध्ये, की प्रवाह थांबतो. आणि नको तिथून, म्हणजे माणसाच्या अंगातून किंवा ओल्या जमिनीतून, परतीची वाट मिळाली की तो तिथूनही वाहू लागतो. विजेचा उपयोग आणि विजेचा धोका दोन्ही या एकाच गोष्टीवर अवलंबून आहेत.

बालाघाटच्या पठारावरील धाराशिव जिल्ह्यात हा परिपथ बहुतेक शिवारांत जमिनीखाली उतरून वर येतो. काळा बेसाल्ट खडक, बेभरवशाचा पाऊस आणि खोल गेलेले पाणी यांमुळे भूम, परंडा, कळंबपासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंत शेतकऱ्याच्या लेखी विजेचे पहिले काम पाणी उपसण्याचे आहे. बांधावरचा डीपी, झोळ पडलेल्या तारा, लोखंडी पेटीतला स्टार्टर आणि तीनशे-चारशे फुटांवर सोडलेली पाणबुडी मोटर, एवढ्या साहित्यात विजेच्या जवळजवळ सगळ्या मूलभूत संकल्पना सामावलेल्या आहेत. शाळेत त्या टॉर्चचा सेल आणि लहानसा बल्ब घेऊन शिकवल्या जातात. नियम तेच असतात, पण तिथे चुकीची किंमत कळत नाही. जळालेली मोटर बोअरमधून वर काढून, वाइंडिंग भरून पुन्हा सोडेपर्यंत उभे पीक माना टाकते, तेव्हा ती कळते.

प्रभार हा पदार्थाचा मूळ गुण आहे. अणूच्या केंद्रात धन प्रभार असतो, भोवतीच्या इलेक्ट्रॉनांवर ऋण. तांबे आणि ॲल्युमिनियम यांसारख्या धातूंमध्ये काही इलेक्ट्रॉन एका अणूला बांधलेले नसतात. ते पूर्ण तारेभर हिंडू शकतात. म्हणून धातू वाहक ठरतात. रबर, पीव्हीसी, चिनीमाती यांत असे मोकळे इलेक्ट्रॉन जवळपास नसतात. खांबावरच्या चिमण्या चिनीमातीच्या आणि केबलचे आवरण पीव्हीसीचे असते ते त्यामुळे. तारेच्या एखाद्या छेदातून दर सेकंदाला किती प्रभार जातो ते म्हणजे विद्युतधारा, आणि तिचे माप अँपिअर. एक अँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ६.२४ × १०¹⁸ इलेक्ट्रॉन. आकडा अफाट असला तरी इलेक्ट्रॉन स्वतः धावत नाहीत. जाड तारेत त्यांची सरकण्याची गती सेकंदाला मिलिमीटरच्या अंशाइतकीच असते. बटण दाबताच दूरची मोटर सुरू होते, कारण तारेतले इलेक्ट्रॉन आधीपासूनच सगळीकडे भरलेले असतात आणि त्यांना हलवणारा विद्युत परिणाम प्रकाशाच्या गतीच्या जवळपास वेगाने पसरतो.

प्रभार आपोआप वाहत नाही. त्यासाठी दोन ठिकाणांच्या विद्युत पातळीत फरक लागतो. त्याला विभवांतर म्हणतात, आणि व्यवहारात व्होल्टेज. गावच्या टाकीची उंची जशी नळाच्या दाबाचे कारण, तसे विभवांतर विद्युतधारेचे कारण. ही तुलना इथपर्यंतच चालते. फुटलेल्या पाइपातून पाणी सांडते, तुटलेल्या तारेतून वीज सांडत नाही. तुटलेल्या तारेवर व्होल्टेज तसेच उभे असते, आणि कुणी वाट पुरी करून दिली की त्याच क्षणी धारा वाहते. तारेवर बसलेल्या पाखराला काही होत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच पातळीवर असतात. वाट पुरी होत नाही. टिकून राहणारे विभवांतर देणारे पहिले साधन, म्हणजे विद्युतघटांची चळत, इटलीच्या व्होल्टाने १८०० मध्ये जगासमोर आणले. त्याआधी विजेचा अभ्यास मुख्यतः घर्षणाच्या ठिणग्या आणि आभाळातली वीज यांपुरता होता.

विभवांतर दिले तरी धारा किती वाहील हे वाटेच्या रोधावर ठरते. जर्मनीच्या ओहमने १८२७ मध्ये मांडलेला नियम असा: तापमान व इतर भौतिक स्थिती तीच राहिली, तर वाहकातली धारा त्याच्या दोन टोकांतल्या विभवांतराच्या प्रमाणात असते. विभवांतराला धारेने भागले की रोध मिळतो, आणि त्याचे माप ओहम. तार जितकी लांब तितका रोध जास्त, जितकी जाड तितका कमी. जाडी तीच ठेवून तांब्याऐवजी ॲल्युमिनियम वापरले तर रोध दीडपटीहून अधिक होतो. हे कागदावरचे वाटते, म्हणून एक हिशेब करणे बरे. ५ अश्वशक्तीची तीन फेजची मोटर पूर्ण भाराला साधारण ७.५ अँपिअर धारा घेते. ४ चौरस मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियम केबलची ३०० मीटर लांबी धरली, तर तिच्या एका वायरचा रोध सुमारे २.१ ओहम भरतो. दोघांचा गुणाकार जवळपास १६ व्होल्ट. तीन फेजच्या गणिताने (फेजचा खुलासा पुढे येतो) दोन फेजमधले व्होल्टेज २७ व्होल्टांनी घटते. तीच केबल तांब्याची असती तर घट १७ व्होल्टांच्या आसपास राहिली असती. किरचॉफने १८४५ मध्ये सांगितलेल्या दोन नियमांपैकी एक हेच सांगतो की, परिपथाची पूर्ण फेरी मारताना व्होल्टेजची जमा आणि खर्च तंतोतंत जुळतात. डीपीवर जे व्होल्टेज आहे, त्यातून खांबावरच्या तारेने, सांध्यांनी आणि केबलने आपापला वाटा घेतल्यावर जे उरते तेवढेच मोटरला मिळते. दुसरा नियम सांध्याचा: सांध्यात जेवढी धारा येते तेवढीच बाहेर पडते.

आता या सगळ्या विषयातला सर्वात महत्त्वाचा नियम. रोधातून धारा गेली की उष्णता निर्माण होते, आणि ती धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. इंग्लंडच्या जूलने १८४० च्या सुमारास हे मोजून दाखवले. धारा दुप्पट झाली तर उष्णता चौपट, तिप्पट झाली तर नऊपट. जिल्ह्यात जळणाऱ्या मोटरी, वितळणाऱ्या केबली आणि निकामी होणारे डीपी यांतील बहुसंख्य प्रकार या एका वाक्यातून समजावून सांगता येतात, आणि टाळताही येतात. हाताने पीळ मारलेला सैल सांधा घ्या. तिथे धातूचा स्पर्श थोड्याच जागी होतो, रोध वाढतो, सांधा तापतो, तापल्याने त्यावर गंज व ऑक्साइडचा थर चढतो, रोध आणखी वाढतो. तांबे आणि ॲल्युमिनियम यांचा थेट सांधा तर ओलाव्यात लवकर कुजतो. म्हणून दोन धातूंच्या जोडासाठी वेगळा कनेक्टर असतो, आणि त्यात काटकसर केली की सांधा हमखास जळतो.

फ्यूज हा याच नियमाचा जाणूनबुजून केलेला वापर आहे. परिपथातली सर्वात कच्ची तार मुद्दाम ठरवून एका जागी बसवायची, म्हणजे धारा मर्यादेबाहेर गेली की ती वितळून वाट तोडते आणि पुढची महाग वस्तू वाचते. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याजागी ॲल्युमिनियमच्या तारेचा जाड पदर बांधण्याची सवय सर्वत्र दिसते. त्याने फ्यूज उडायचा थांबतो, पण मग परिपथातली सर्वात कच्ची तार मोटरच्या वाइंडिंगमधली ठरते.

साधने परिपथात दोन प्रकारे जोडता येतात. एकसर जोडणीत सगळ्यांतून तीच धारा जाते आणि व्होल्टेज वाटले जाते; एक बंद पडले की सगळी बंद. समांतर जोडणीत प्रत्येकाला पूर्ण व्होल्टेज मिळते आणि धारांची बेरीज होते. घरातले दिवे, पंखे आणि डीपीवरच्या सगळ्या मोटरी समांतर असतात. दर नव्या मोटरीगणिक डीपीवरचा एकूण रोध घटतो आणि धारा वाढते. ६३ केव्हीए क्षमतेच्या डीपीला कमी दाबाच्या बाजूने सुमारे ८४ अँपिअर धारा झेपते, म्हणजे ५ अश्वशक्तीच्या साधारण अकरा मोटरी. तारेवर बेकायदा आकडा टाकून आणखी चार चालवल्या की डीपीतली उष्णता धारेच्या वर्गाने चढते आणि आतले तेल व तारांवरचे आवरण हळूहळू निकामी होते. त्यात लाईट येताच मोटर आपोआप सुरू करणाऱ्या ऑटोस्विचची भर पडते. मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच ते सात पट धारा ओढते. फिडर सुरू होताच ऑटोस्विच लावलेल्या दहा मोटरी एकदम उठल्या, तर ८४ अँपिअरच्या डीपीवर क्षणभर चारशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त अँपिअरचा बोजा येतो. बहुतेकांच्या मोटरी त्या वेळी कमी व्होल्टेजमुळे उचलतच नाहीत, नुसत्या गुरगुरतात, आणि गुरगुरताना तीच मोठी धारा घेत राहतात. महावितरण वर्षानुवर्षे ऑटोस्विच काढा, कपॅसिटर लावा असे सांगत आले आहे, त्यामागचे कारण हे आहे. रात्रीच्या पाळीत लाईट कधी येईल याची खात्री नसताना, अंधारात शेतात जाण्याऐवजी शेतकरी ऑटोस्विच लावतो हेही तितकेच खरे. दिवसा वीज मिळणे हा त्यावरचा खरा उपाय.

विद्युतघटातून मिळणारी धारा एकाच दिशेने वाहते, तिला दिष्ट धारा म्हणतात. भारतातल्या विद्युत जाळ्यातली धारा प्रत्यावर्ती आहे; ती सेकंदाला ५० पूर्ण फेरे घेते, म्हणजे १०० वेळा दिशा बदलते. याचे मूळ फॅरेडेच्या १८३१ च्या शोधात आहे. वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले की वेटोळ्यात विभवांतर निर्माण होते. वाशी-भूमच्या माळावरच्या पवनचक्क्या आणि बगॅस जाळून वीज करणारे साखर कारखाने यांत ऊर्जेचा उगम वेगळा असला तरी शेवटी चुंबक आणि वेटोळे एकमेकांसापेक्ष फिरतात. रोहित्रातही हेच घडते, फक्त तिथे काही फिरत नाही. बदलणारी धाराच बदलते क्षेत्र देते. वेटोळ्यांच्या फेऱ्यांचे प्रमाण बदलून व्होल्टेज चढवता-उतरवता येते. प्रत्यावर्ती धारा जगभर रुजली ती या सोयीमुळे.

व्होल्टेज चढवायचे कशासाठी? तेवढीच शक्ती ४१५ व्होल्टांऐवजी ११,००० व्होल्टांनी पाठवली, तर धारा साडेसव्वीस पटींनी कमी लागते आणि त्याच तारेतली उष्णता सुमारे सातशे पटींनी घटते. पुन्हा तोच वर्गाचा नियम. परळीसारख्या केंद्रातून निघालेली वीज म्हणून आधी २२० किंवा १३२ हजार व्होल्टांवर प्रवास करते, उपकेंद्रात ३३ आणि ११ हजारांवर उतरते, आणि डीपीवर ४१५ व्होल्ट होते. डीपीपुढच्या कमी दाबाच्या लांबलचक तारा हा या साखळीतला सर्वात नुकसानीचा तुकडा. उच्चदाब वितरण प्रणालीत तो तुकडा तोडून ११ हजारांची वाहिनी शेतापर्यंत नेतात आणि एक-दोन शेतकऱ्यांमागे लहानसे रोहित्र बसवतात. त्याने व्होल्टेज टिकते आणि आकडा टाकायला कमी दाबाची तारही राहत नाही.

डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा तारा निघतात. तिन्ही फेजची लय एकमेकींपासून एकतृतीयांश फेऱ्याने सरकवलेली असते. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट, एक फेज आणि न्यूट्रल यांत सुमारे २३० ते २४० व्होल्ट. घराला एक फेज आणि न्यूट्रल पुरतो. मोटरला तिन्ही फेज मिळाले की त्यांच्या सरकत्या लयीमुळे आत फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ती ब्रश किंवा चुंबकाशिवाय फिरते. गावात न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरे नकळत एकसर जोडली जातात, दोन फेजमधले व्होल्टेज त्यांच्यात असमान वाटले जाते, आणि जिथे कमी उपकरणे चालू असतात त्या घराच्या वाट्याला तीनशेच्या वर व्होल्ट येतात. एका रात्रीत गल्लीतले टीव्ही आणि फ्रिज जळतात ते बहुधा यामुळे.

मोटरीबाबत एक गोष्ट ओहमच्या नियमाच्या वरवरच्या वाचनाशी उलटी वाटते. व्होल्टेज कमी झाले तर धाराही कमी व्हायला हवी. पण पाणी उपसणारी मोटर तितकेच काम करू पाहते आणि त्यासाठी जास्त धारा ओढते. व्होल्टेज ४१५ वरून ३३० वर आले, तर धारा सुमारे सव्वापट आणि वाइंडिंगची उष्णता दीडपटीच्या पुढे जाते. एक फेज गेला तर याहून वाईट. आधीपासून चालू असलेली मोटर उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते, त्यांतली धारा सुमारे पावणेदोन पट होते आणि उष्णता तिप्पट. पाण्याचा आवाज थोडा बदलतो, एवढीच खूण. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले मोटरच्या धारेला जुळवून लावलेला असेल तर तो तिला वाचवतो. ‘सारखी ट्रिप होते’ म्हणून काटा पुढे सरकवलेला असेल तर वाचवू शकत नाही. कपॅसिटरचे काम वेगळे. मोटरला चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी धारेचा एक भाग लागतो जो काम न करता नुसता ये-जा करतो. कपॅसिटर तो भाग जागेवरच पुरवतो. शक्तिगुणक, म्हणजे एकूण धारेतला कामाचा वाटा, ०.८ वरून ०.९५ वर आला, तर वाहिनीतली धारा सुमारे सोळा टक्क्यांनी घटते आणि तिथली उष्णता जवळपास तीस टक्क्यांनी. लाभ एकट्या मोटरवाल्याला नव्हे, त्या डीपीवरच्या सगळ्यांना होतो.

विद्युतधारा आणि व्होल्टेज यांच्या गुणाकारातून शक्ती मिळते, तिचे माप वॅट. तीन फेजमध्ये त्यात शक्तिगुणकही येतो. एक हजार वॅट तासभर वापरले की एक युनिट. १०० मीटर खोलीवरून १,००० लिटर पाणी उचलायला निव्वळ ०.२७ युनिट ऊर्जा लागते. पंप आणि मोटरमधली गळती धरली तर प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट किंवा थोडी अधिक. पाण्याची पातळी दुप्पट खोल गेली की प्रत्येक घागरीमागची वीजही दुप्पट. दुष्काळी भागात वीज आणि भूजल हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

राहिला जमिनीचा प्रश्न. डीपीचा न्यूट्रल जमिनीत पुरलेल्या अर्थिंगला जोडलेला असतो, म्हणून जमीन स्वतः परतीची वाट बनू शकते. उघड्या फेजला हात लागला की धारा अंगातून जमिनीत जाऊन डीपीकडे परतते. ओल्या अंगाचा रोध १,००० ओहम धरला तर २३० व्होल्टांवर २३० मिलिअँपिअर धारा वाहते. १० मिलिअँपिअरच्या पुढे पकडलेली तार सोडवत नाही. १०० च्या आसपास हृदयाची लय बिघडते. जमिनीत गळणारी धारा ३० मिलिअँपिअर झाली की वाट तोडणारा आरसीसीबी स्विच म्हणूनच प्राण वाचवतो. फ्यूज इथे काही करू शकत नाही, तो अनेक अँपिअरची वाट पाहत असतो. पेटीला आणि मोटरच्या अंगाला अर्थिंग दिले की आतली वायर अंगाला लागताच धारेला माणसापेक्षा सोपी वाट मिळते. मात्र अर्थिंग जमिनीवर अवलंबून असते. भारी काळ्या मातीत ओल धरून राहते आणि रोध कमी राहतो. खाली खडक आणि वर वीतभर मुरूम असलेल्या माळावर एप्रिल-मेमध्ये तो कित्येक पटींनी वाढतो. खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरून उन्हाळ्यात पाणी ओतण्याची पद्धत त्यासाठी आहे.

हाच रोध पडलेल्या तारेला जीवघेणी बनवतो. फेजची तार तुटून जमिनीवर पडली आणि तिथल्या जमिनीचा रोध ५० ओहम असला, तर धारा पाच अँपिअरच्या आतच राहते. डीपीतला फ्यूज उडत नाही. तार जिवंत पडून राहते. तिच्याभोवतीच्या जमिनीत प्रत्येक पावलागणिक व्होल्टेज बदलते. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या खुरांतले अंतर माणसाच्या पावलापेक्षा मोठे आणि वाट हृदयावरून जाणारी, म्हणून पावसाळ्यात खांबाजवळ जनावरे आधी दगावतात. अशा तारेपासून दूर राहून, जवळच असल्यास पाय जुळवून लहान पावलांनी मागे सरायचे आणि लाईनमनला कळवायचे. काठीने तार बाजूला करायला जायचे नाही, कारण ओली काठी वाहक असते.

सौर कृषिपंपांनी दिष्ट धारा शिवारात आणली आहे. एका पॅनलचे साधारण ३५ ते ४० व्होल्ट. बारा पॅनल एकसर जोडली की चारशेच्या वर. धारा मात्र एकाच पॅनलएवढी, त्यामुळे एका पॅनलवर झाडाची सावली पडली तरी पूर्ण माळेला फटका बसतो. कंट्रोलर त्या दिष्ट धारेतून मोटरला हवी तशी तीन फेजची प्रत्यावर्ती धारा घडवतो आणि ऊन कमी झाले की तिची वारंवारता घटवून मोटर हळू चालवतो. जाळ्यावरच्या मोटरीसारखी ती कमी व्होल्टेजवर तापत राहत नाही. धोका दुसरीकडे आहे. प्रत्यावर्ती धारा सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, म्हणून स्विच उघडताना उठलेली ठिणगी विझते. दिष्ट धारा शून्यावर येत नाही, ठिणगी ताणून जळत राहते. घरगुती स्विच या कामाला चालत नाही, दिष्ट धारेसाठी बनवलेलाच लागतो. दुरुस्तीच्या वेळी आधी कंट्रोलर, मग दिष्ट धारेचा स्विच आणि शेवटी कनेक्टर असा क्रम पाळावा लागतो, कारण पॅनलला बंद करण्याचे बटण नसते आणि प्रकाश असेपर्यंत त्याच्या दोन टोकांत व्होल्टेज असते.